तरुण शास्त्रीय गायक-वादकांसाठी कंपन्यांची स्पॉन्सरशिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं-वाजवणं शिकणारी पोरं, त्यांचे आईवडील, गावोगावची म्युझिक सर्कल्स आणि अधूनमधून एखाद्या कंपनीतले साहेब, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. हे सगळं हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतापुरतं आहे. आमचं एक ठाम मत आहे आणि ते बऱ्याच उत्तरांत डोकावेल: कंपनीचा पैसा आधी तालमीच्या वर्षांवर खर्च व्हावा, स्टेज आणि मांडवाचं नंतर बघू.

कंपन्यांनी गाण्याला पैसे का द्यायचे? आधी कोण देत होतं?

आधी संस्थानं देत होती. शाहू महाराजांनी 1895 मध्ये अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारात आणलं, आणि खाँसाहेबांना घर चालवायची चिंता नसल्यामुळे ते शिकवू शकले. पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या दोघी त्यांच्याकडे शिकल्या आणि जयपूर-अत्रौली गायकी महाराष्ट्र-गोव्यात रुजली. विष्णु दिगंबर पलुस्करांचं शिक्षणसुद्धा मिरजेच्या संस्थानिकांच्या आधाराने झालं. मग त्याच पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते मात्र राजाच्या जिवावर नाही, लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या मैफलींच्या कमाईवर, आणि कर्जापायी पुढे विद्यालयाच्या मुंबई शाखेची इमारत हातची गेली हेही खरंय. संस्थानं गेली, मग आकाशवाणीने बराच भार उचलला, पण आता 20-22 वर्षांच्या पोराला रोज पाच-सहा तास रियाज करता येईल असा निवांतपणा द्यायचा कुणी, हा प्रश्न तसाच आहे. कंपन्यांकडे पैसा आहे, त्यातला काही समाजासाठी खर्च करायचं कायद्याने बंधन आहे, म्हणून त्यांच्याकडे जायचं.

सीएसआरमध्ये (म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चात) शास्त्रीय संगीत बसतं का?

बसतं. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135, जे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं, त्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती जपणं आणि पारंपरिक कलांचा विकास हे स्पष्ट लिहिलंय. ज्या कंपनीचं नेट वर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावाच लागतो. "आमच्या पॉलिसीत फक्त शिक्षण आणि आरोग्य आहे" असं ऐकायला मिळतं, ते त्या कंपनीचं स्वतःचं धोरण असतं, कायद्याची आडकाठी नसते. आणि गुरूकडे राहून शिकणं हे शिक्षण नाही तर काय आहे, हे शांतपणे समजावून सांगायला काहीच हरकत नाही.

सीएसआर आणि स्पॉन्सरशिप एकच ना?

अजिबात नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सीएसआरच्या नियमांत सरळ म्हटलंय की आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून स्पॉन्सरशिप दिली तर तो खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे मंडपभर फ्लेक्स, स्मरणिकेचं मागचं पान, स्टेजवर नव्या स्कूटरचं मॉडेल, हे सगळं मार्केटिंगच्या बजेटमधून येतं. मार्केटिंगवाला विचारणार किती लोक येणार, कॅमेऱ्यात लोगो दिसणार का, त्यामुळे तो जाणार नामवंतांच्या मागे, नवख्या मुलीच्या बागेश्री रागाला तो का पैसे देईल? तिला लागणारा पैसा सीएसआरच्या खिशात असतो. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा की साहेब, हे कुठल्या हेडमधून जाणार आहे, म्हणजे पुढे काय मागितलं जाईल याचा अंदाज येतो.

कंपनी थेट माझ्या खात्यात पैसे टाकेल का?

कंपनी स्वतःची शिष्यवृत्ती योजना चालवत असेल तर टाकू शकते, पण बहुतेक कंपन्या ती भानगड करत नाहीत, त्यांना मधे संस्था हवी असते. ती संस्था नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन 8 कंपनी हवी, 12ए आणि 80जी (प्राप्तिकरातल्या सवलतीच्या नोंदण्या) हवं, अशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा. तुमच्या गावात एखादं जुनं म्युझिक सर्कल असेल ना, ज्यांच्याकडे ट्रस्टची नोंदणी आहे पण दरवर्षी दोन मैफली करून मंडळी थकलीयत, त्यांच्याकडे जा. त्यांचे कागद पूर्ण करायला मदत करा, सीए गाठून द्या. एकदा सीएसआर-1 झालं की ते सर्कल तुमच्यासारख्या पाच पोरांसाठी पैसे घेऊ शकतं.

किती पैसे मागायचे?

आमचं गणित असं: महिन्याला 25,000 रुपये, सलग तीन वर्षं. म्हणजे 9 लाख. पुण्या-मुंबईत खोली, जेवण, गुरूंचं मानधन, आठवड्यातून दोनदा तबलजी बोलावून त्यांच्याबरोबर रियाज, प्रवास, वाद्याची देखभाल, सगळं यात ओढूनताणून बसतं. आता कंपनीच्या बाजूने बघा. सरासरी नफा 5 कोटी असलेल्या कंपनीला 2 टक्क्यांनी वर्षाला 10 लाख खर्च करावे लागतात. म्हणजे कायद्याच्या कक्षेत जेमतेम येणाऱ्या कंपनीच्याही एका वर्षाच्या रकमेपेक्षा कमी पैशात एका मुलाची तीन वर्षं उभी राहतात. हे गणित कागदावर लिहून समोर ठेवा, आम्ही तर पहिल्याच पानावर ठेवतो.

तीन वर्षंच का, तर नियमात 'चालू प्रकल्प' म्हणून सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं पैसे बांधून ठेवता येतात. एकरकमी लाख रुपये आणि शाल-श्रीफळ देणाऱ्यांचेही आभार मानायचेच, पण लाख रुपये चार महिन्यांत संपतात आणि पोरगं परत ट्यूशन घेत फिरतं.

असं दीर्घकाळ कुणी केलंय का, की नुसत्या कल्पना?

केलंय की. कोलकात्यात टॉलीगंजला आयटीसीची संगीत रिसर्च अकादमी आहे, 1970 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. गुरू कॅम्पसमध्येच राहतात, शिष्यांना स्टायपेंड, आणि काम एकच, शिकणं. अजय चक्रवर्ती तिथल्या अगदी सुरुवातीच्या स्कॉलर्सपैकी. राशिद खान लहानपणी निसार हुसेन खाँसाहेबांबरोबर 1980 मध्ये तिथे आले आणि तिथेच घडले. आपल्या विदर्भातल्या पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर तिथे वर्षानुवर्षं गुरू होते आणि मुंबईचे ओंकार दादरकर त्यांच्याकडे शिकायला कोलकात्याला गेले. इतकी वर्षं एका कंपनीने घराण्याची तालीम सांभाळली, आणि त्यातून जे गाणं आलं ते आपण सगळे ऐकतोय.

मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आहे, टाटांच्या पुढाकाराने 1969 मध्ये उभी राहिलेली. ती हिंदुस्थानी संगीतातल्या तरुणांना शिष्यवृत्त्या देते आणि तिच्या गुरू-शिष्य उपक्रमाला सिटी बँकेचा आधार होता. पण खरं सांगायचं तर महाराष्ट्रात एवढे कारखाने, एवढ्या बँका आणि आयटी कंपन्या असताना टॉलीगंजसारखं एखादं गुरुकुल एखाद्या कंपनीने मिरजेला किंवा पुण्याला उभं करू नये याचं वाईट वाटतं. परंपरा इथे आहे, गुरू इथे आहेत, ऐकणारे तर सवाईच्या मांडवात डिसेंबरच्या थंडीत शाल घेऊन बसलेले असतात.

सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर कंपनीची गरज काय?

सरकारी आधी घ्याच. 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची आहे. 18 ते 25 साठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकार शिष्यवृत्ती आहे, महिन्याला 5,000 रुपये, दोन वर्षं. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार 2006 पासून दिला जातो, 40 वर्षांपर्यंतच्यांना, 25,000 रुपये. मान मोठा आहे, आणि बायोडेटात यातलं एक जरी असलं तरी कंपनीवाला नीट वाचतो. पण 5,000 मध्ये पुण्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली तरी नशीब. दोन्ही एकत्र घेता येतात का हे त्या त्या योजनेच्या अटींत बघून घ्या, आणि कंपनीपासून लपवू नका.

कुठल्या कंपनीकडे जायचं आणि कधी?

मोठ्या नावांच्या मागे सगळेच असतात. तुमच्या जिल्ह्याच्या एमआयडीसीतली मध्यम कंपनी बघा, कोल्हापूरची फाउंड्री, नाशिकचा ऑटो पार्टवाला, संभाजीनगरची औषध कंपनी. ज्यांची सीएसआरची रक्कम वर्षाला 50 लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी सीएसआर कमिटी नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं, म्हणजे मालकाशी दोन गोष्टी बोलता आल्या तरी काम होतं. त्यात मालकाची आई किंवा बायको गाणं शिकलेली असेल तर बघायलाच नको.

वेळ म्हणाल तर जानेवारी ते एप्रिल. पुढच्या वर्षाचा आराखडा तेव्हा ठरत असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरलेले पैसे संपवायची घाई असते तेव्हा पण मिळतात, पण ते बहुधा एकदाच मिळतात, पुढच्या वर्षी ओळख दाखवत नाहीत.

काय पाठवायचं? प्रोफाइल, रील्स, सर्टिफिकेटं?

दोन पानं आणि एक रेकॉर्डिंग. दोन पानांत तुम्ही कोण, कुणाकडे किती वर्षं शिकताय, पुढच्या तीन वर्षांत काय शिकायचंय आणि महिन्याचा खर्च. "संगीत ही माझी साधना आहे" वगैरे वाक्यं काढून टाका, सगळेच लिहितात. आकाशवाणीची ग्रेड असेल तर ती वर, विशारद-अलंकार या परीक्षा खाली.

रेकॉर्डिंग मात्र मनापासून करा. दहा-बारा मिनिटं, एकच राग, न कापलेलं. खोलीचा पंखा बंद, खिडकी बंद, फोन स्टँडवर लावून दोन हातांवर, तानपुरा इतका की षड्ज भरलेला ऐकू येईल पण आवाजावर चढणार नाही, तबलजी प्रत्यक्ष बसलेले, आणि इको-रिव्हर्ब काहीही नको. सुरुवातीची पाच मिनिटं विलंबित (संथ लयीत) असू द्या, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कसं येता ते दिसू द्या, तानांचा भडिमार शेवटी. ऐकणाऱ्या साहेबाला राग कळेलच असं नाही पण तो ते कुणातरी जाणकाराला पाठवतो आणि तो जाणकार पहिल्या दोन मिनिटांतच ओळखतो की मुलगी स्वरावर थांबू शकते की नाही. रीलमधून हे कळत नाही.

कंपनी बदल्यात काय मागते? किती मान्य करायचं?

वर्षातून दोन कार्यक्रम कंपनीसाठी, वार्षिक अहवालात फोटो, एखादं आभाराचं वाक्य, एवढं रास्त आहे आणि आनंदाने करावं. खाली सांगतोय ते मात्र लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

जेवण चालू असताना गाणं नाही. हे पहिलं. प्लेटांचा आवाज आणि मारवा रागाचा कोमल रिषभ एकत्र नांदत नाहीत. दुसरं, वेळ. एका शहरात कंपनीने तरुण गायिकेला म्हणून 50 मिनिटं ठरवली होती, दीपप्रज्वलन झालं, मग कंपनीची फिल्म, मग चार सत्कार, मग साहेबांचं भाषण, आणि तिने पूरिया राग सुरू करून विलंबित एकतालाची तीन-चार आवर्तनं होत नाहीत तोवर बाजूने चिठ्ठी आली, दहा मिनिटांत आवरा. तिने बिचारीने अंतरा सोडला, द्रुतची बंदिश उरकली आणि नमस्कार केला. पेपरात फोटो आला तरुण प्रतिभेला प्रोत्साहन म्हणून! असं प्रोत्साहन कुणालाच नको. म्हणून करारात लिहा की प्रत्यक्ष गायनाची वेळ एक तास आणि भाषणं त्याच्या आधी संपतील.

तिसरं, रियाजाच्या मोसमात, म्हणजे गुरूंनी ठरवून दिलेल्या महिन्यांत, कार्यक्रम-शूटिंग काही नाही. चौथं, जाहिरातीची जिंगल गाणं, मालाबरोबर फोटो, हे वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे.

रेकॉर्डिंगचे हक्क कुणाचे?

कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर हक्क आहे, 50 वर्षांचा. तुमच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करून विकता येत नाही. पण करारात "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" अशी एक ओळ असते आणि सगळे तीच न वाचता सही करतात. तिथे "अंतर्गत वापरासाठी आणि कंपनीच्या सीएसआर पानावर, दोन वर्षं" असं बदलून घ्या, बहुतेक वेळा बदलून देतात, त्यांनी पण कुठलातरी तयार नमुनाच पाठवलेला असतो. आणि गुरूंची स्वतःची बंदिश गात असाल तर त्यांना विचारून, त्यांचं नाव घालून.

तबला-हार्मोनियमवाल्यांचं काय?

हा प्रश्न कंपनी कधीच विचारत नाही म्हणून आम्हीच घालतोय. तरुण तबलावादकाला गायकापेक्षा स्पॉन्सर मिळणं अवघड, कारण बॅनरवर नाव गायकाचं. पण तबल्याची पुडी (वरचं कातडं) उतरली तर नवी त्यानेच आणायची, रात्रीच्या एसटीने तबला-डग्गा सांभाळत त्यानेच यायचं. कुठल्याही प्रस्तावात साथीदारांचं मानधन वेगळ्या ओळीत लिहा, "इतर खर्च" मध्ये ढकलू नका. आणि जमलंच तर गायक आणि तबलजी अशी जोडी एकत्र स्पॉन्सर करायला सांगा, दोघं तीन वर्षं एकत्र रियाज करतील तर दोघांचंही भलं होतं.

वाद्य घ्यायला मदत मिळते का?

मिळते, आणि कंपन्यांना ते आवडतं कारण वस्तू दिसते, बिल मिळतं. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, तेव्हा वाद्य मिरजेच्या कारागिराकडूनच घ्यायचं असं प्रस्तावात लिहा, पारंपरिक कारागिरीलाही हातभार म्हणून कंपनीला ते दुहेरी पटतं. फक्त जवारी (तारेचा झणकार नीट यावा म्हणून घोडी घासणं) काढून घेणं, तारा, दुरुस्ती यासाठी दरवर्षी थोडी रक्कम धरायला विसरू नका.

गुरुजींना हे पटत नाही. विद्या विकायची नसते म्हणतात.

त्यांच्या म्हणण्याचा मान ठेवा. देवधर मास्तरांनी ऑपेरा हाऊसजवळच्या आपल्या शाळेत लहानग्या कुमार गंधर्वांना सांभाळून शिकवलं, अशा गुरूंची आपली परंपरा आहे आणि गुरुजी तिथून बोलतायत. पण त्यांना एवढं विचारा की गुरुजी, मी कॉल सेंटरची नाइट शिफ्ट करून सकाळी तालमीला आलो तर चालेल का? बऱ्याचदा विरोध पैशाला नसतो, शिष्य लवकर स्टेजवर ओढला जाईल या भीतीपोटी असतो आणि ती भीती खरी आहे. म्हणून कार्यक्रम कधी करायचे हे गुरूच ठरवतील असं करारात घाला आणि तो कागद सही करायच्या आधी त्यांना वाचून दाखवा.

तंबाखू, गुटखा, दारूवाल्यांचे पैसे घ्यायचे का?

2003 च्या कायद्याने स्पॉन्सरशिपमधून तंबाखूची जाहिरात करायला बंदी आहे. वेलचीच्या नावाखाली गुटख्याचं बॅनर घेऊन कुणी आलं तर सरळ नाही म्हणा, ज्या गळ्यावर आपलं सगळं उभं आहे त्याच गळ्याचा कॅन्सर करणारी वस्तू आपल्या मागच्या पडद्यावर नको. आता कुणी म्हणेल आयटीसी पण मूळची सिगरेटचीच कंपनी, मग? खरंय. 1970 च्या दशकात तो विचार फारसा होत नव्हता, आणि तिथे शिकलेल्यांचं गाणं त्यामुळे कमी होत नाही. पण आज नव्याने सुरू करणाऱ्याला पर्याय आहेत.

कंपनी म्हणते इम्पॅक्ट दाखवा. गाण्यात इम्पॅक्ट कसा दाखवणार?

"किती राग शिकलात" हा आकडा देऊ नका, वीस राग अर्धवट येण्यापेक्षा चार नीट आलेले बरे. आम्ही सुचवतो ते असं की दर सहा महिन्यांनी तोच राग, समजा यमन, त्याच पद्धतीने रेकॉर्ड करायचा आणि पाठवायचा. दीड वर्षाने पहिलं आणि चौथं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवलं की ज्याला सा कळत नाही त्यालाही फरक कळतो, गंधार स्थिर झालेला असतो, श्वास पुरायला लागलेला असतो. जोडीला गुरूंची चार ओळींची टिपण आणि खर्चाचा हिशोब. सीएसआरमध्ये संस्थेने सांभाळायचा ऑफिसखर्च वगैरे आधीच वेगळा बोलून घ्या, कारण कंपनीलाच प्रशासकीय खर्चासाठी 5 टक्क्यांची मर्यादा असते.

टॅक्स लागतो का?

कार्यक्रमाच्या मानधनातून साधारण 10 टक्के टीडीएस कापतात, रिटर्न भरा म्हणजे तुमचं उत्पन्न कमी असेल तर परत मिळतो, कितीतरी पोरं भरतच नाहीत आणि पैसे सोडून देतात. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, पण ब्रँड अँबॅसिडर म्हणून केलेल्या कामाला ही सूट नाही. पुढचं सीएला विचारा.

आम्ही परदेशात असतो, आम्हाला एखाद्या मुलाला मदत करायचीय.

फार चांगलं. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुमच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेले मूळ भारतीय) असाल, तर ज्या संस्थेला द्यायचं तिच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. लहान सर्कल्सकडे हे नसतं, म्हणून पाठवायच्या आधी विचारा, नाहीतर त्या बिचाऱ्यांना नोटिसा येतात.

मधेच पैसे थांबले तर? किंवा मुलीचं लग्न झालं, बाळंतपण आलं तर?

कंपनीचा साहेब बदलला की योजना बंद पडते, हे होतं. म्हणून रक्कम दर तिमाहीला आगाऊ आणि बंद करायची असेल तर सहा महिन्यांची नोटीस, हे लिहून घ्या. मुलींच्या बाबतीत तर "सलग तीन वर्षं" या अटीत विश्रांतीची सोय घालायलाच लावा, एक वर्ष थांबून परत सुरू करता येईल अशी, बाळंतपण किंवा आजारपणासाठी. पंचविशीत थांबलेली आणि पैसे गेले म्हणून परत तानपुऱ्याशी न बसलेली मुलगी हे फार मोठं नुकसान आहे, आणि एका कलमाने ते टळू शकतं. कंपनीच्या एचआरला मॅटर्निटी लीव्ह हा शब्द नवा नाही, त्याच भाषेत सांगा, लगेच मान्य करतात.